नेटवर्क ट्रॅफिकला पॉयसन मॉडेल का पुरत नाही?

प्रोजेक्टमध्ये नेटवर्क ट्रॅफिकचं मॉडेल करायचंय, सर फ्रॅक्टल वापर म्हणतात, मग सोपं पॉयसन का चालणार नाही, असं तुम्ही विचारलंय. सरांचं बरोबर आहे.

पॉयसन मॉडेल, म्हणजे प्रत्येक घटना इतरांवर अवलंबून नसते असं मानणारं, टेलिफोनच्या काळातलं. डॅनिश गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ मध्ये ते फोन कॉल्सना लावलं आणि तिथे ते छान चाललं. त्यात एक गोष्ट गृहीत असते: सरासरी जितक्या जास्त वेळाची घ्याल, तितके चढउतार सपाट होत जातात. अमेरिकेतल्या बेलकोअर कंपनीत लेलंड, टाक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी १९८९ ते १९९२ दरम्यान इथरनेटवरची (ऑफिसातल्या तारांच्या नेटवर्कवरची) पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोजली, तेव्हा तसं झालंच नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या टप्प्यांचा आलेख घ्या की शंभर-शंभर सेकंदांच्या टप्प्यांचा, उसळ्या तशाच दिसत होत्या. फ्रॅक्टल म्हणतात ते याला.

हे मोजायला हर्स्ट घातांक वापरतात. नाईलच्या पुरांचा अभ्यास करणाऱ्या हर्स्ट यांचं ते नाव. पॉयसनसाठी तो ०.५ येतो. समजा तुमच्या डेटात ०.८ आला. शंभर-शंभर नमुन्यांची सरासरी घेतली की पॉयसनमध्ये व्हेरियन्स (चढउतार किती आहेत याचं माप) शंभरपट घटतो, इथे जेमतेम सहापट! माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म या एका आकड्यात आहे. बफर (पॅकेट्स थोडा वेळ थांबवून ठेवायची जागा) वाढवला की पॅकेट्स गळायची थांबतील हा हिशोब इथेच फसतो, कारण उसळी लांबते आणि मोठा बफरही भरतो.

असं होतं कशामुळे? बहुतेक फाइल्स छोट्या असतात, पण थोड्या प्रचंड मोठ्या असतात, आणि त्यांचं डाउनलोड खूप वेळ चालतं. प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच करा: चालू-बंद होणारे पुष्कळ स्रोत घ्या, चालू-बंद राहण्याचे दोन्ही कालावधी पॅरेटो वितरणातून (बहुतेक आकडे लहान, थोडे प्रचंड मोठे असं वितरण) काढा आणि सगळ्यांची बेरीज करा. पॅरेटोचा घातांक अल्फा १ आणि २ च्या मधे असेल तर हर्स्ट घातांक (३ − अल्फा) / २ येतो; म्हणजे अल्फा १.४ ठेवलात तर ०.८. नुसती फ्रॅक्शनल ब्राउनियन मोशन (हर्स्ट घातांक देऊन असे चढउतार थेट तयार करणारं गणिती मॉडेल) वापरण्यापेक्षा मला हे आवडतं, कारण यात कारणही दिसतं.

खऱ्या डेटावर मोजणार असाल तर दिवस-रात्रीचा चढउतार आधी काढून टाका. तो तसाच राहिला तर घातांक उगाच फुगतो.