कोलंबस, इंडियाना: सगळं गाव ट्रम्पचं आहे का?

तुम्ही विचारलंय की कंपनी पुण्याहून कोलंबसला पाठवतेय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि मित्र म्हणतायत ते ट्रम्पचे आधीचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचं गाव, सगळे कट्टर रिपब्लिकन, तिथे कशाला जाताय. मी इथे बरीच वर्षं आहे, आता सिटिझन आहे, मतदान करतो, तर जरा सविस्तरच लिहितो.

आधी हे की कोलंबस म्हणजे ओहायोतलं मोठं शहर नव्हे, इंडियानातलं, वस्ती ५० हजारांच्या आसपास. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं हेडक्वार्टर इथेच, त्यामुळे कोथरूड-कर्वेनगरची माणसं भाजी घेताना भेटतात.

मित्रांचं म्हणणं आकड्यांपुरतं खरं आहे. गाव बार्थोलोम्यू काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं, तिथे २०१६, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा ट्रम्प आरामात जिंकले, दहातली सहा मतं त्यांचीच धरा. राज्याचंही तेच, १९६४ नंतर इंडियानाने डेमोक्रॅटला कौल दिला तो फक्त एकदा, २००८ ला ओबामांना, तोही अगदी निसटता. पेन्स इथेच जन्मले, वाढले, त्यांचे भाऊ ग्रेग २०२५ च्या सुरुवातीपर्यंत इथले खासदार होते. पण हेच पेन्स तरुणपणी डेमोक्रॅट होते आणि १९८० ला कार्टरना मत दिलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

आता नकाशात न दिसणारी गोष्ट. काउंटी आणि गाव एक नाही. होप, एलिझाबेथटाऊन या जवळच्या खेड्यांकडे मक्याच्या शेतांतून गाडी काढलीत की रिपब्लिकनांच्या लाल पाट्याच पाट्या, पण गावात, विशेषतः डाउनटाउनच्या आसपास, बरंच मिश्र आहे. २०१९ ला सिटी कौन्सिलमध्ये डेमोक्रॅट्सचं बहुमत आलं, ४ विरुद्ध ३, आणि मेयर मात्र रिपब्लिकन, म्हणजे त्याच लोकांनी माणूस बघून मत दिलं. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या गल्लीत एका अंगणात रिपब्लिकन गव्हर्नरची पाटी आणि तिच्याच शेजारी 'शाळेच्या रेफरेंडमला (सार्वमताला) हो म्हणा' ही पाटी मी बघितलीय, आणि २०२० ला तो रेफरेंडम पास झाला, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी लोकांनी स्वतःवर जास्तीचा प्रॉपर्टी टॅक्स लावून घेतला. मला हे गाव आवडतं ते यासाठी.

याचं मूळ माझ्या मते कमिन्समध्ये आहे. जे. अर्विन मिलर यांनी कंपनी कित्येक वर्षं चालवली, ते स्वतः रिपब्लिकन, पण १९६३ चा वॉशिंग्टनचा नागरी हक्कांचा मोर्चा उभा करायला त्यांनी मदत केली, आणि गावात नामांकित आर्किटेक्टकडून शाळा, लायब्ररी बांधून घेतल्या. ते वळण अजून टिकून आहे, २०१५ ला गव्हर्नर असताना पेन्सनी धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा केला तेव्हा समलिंगी लोकांशी भेदभाव होईल म्हणून कमिन्सने उघड विरोध केला, आणि पेन्स उपराष्ट्राध्यक्ष असतानाच, २०१८ ला, इथे समलिंगी लोकांचा पहिला प्राइड फेस्टिव्हल झाला.

मतदानाची पद्धत समजून घ्या म्हणजे शेजाऱ्यांचं बोलणं कळेल. इंडियानात मतदार म्हणून पक्षाची नोंद नसते, मे महिन्यातल्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीला, गेलं की तिथला कर्मचारी विचारतो कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ. काउंटीच्या पदांचा खरा निकाल रिपब्लिकन प्रायमरीतच लागतो, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत बऱ्याच ठिकाणी समोर कोणी उभंच नसतं, म्हणून मधल्या विचारांची कितीतरी माणसं तीच मतपत्रिका मागतात. त्यामुळे कोणी 'मी रिपब्लिकन मत देतो' म्हटलं की लगेच अंदाज बांधू नका.

त्रास होतो का? रोजच्या आयुष्यात नाही. एकदा पार्किंगमध्ये एक जण 'परत जा' म्हणून ओरडला होता, ते मी लपवणार नाही, मन खट्टू झालं होतं. पण शाळा, ऑफिस, शेजार इथे राजकारण कोणी काढत नाही, तुम्हीही पहिलं वर्षभर काढू नका, ऐका फक्त. व्हिसाचं टेन्शन मात्र वेगळं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली, त्याचा गावाशी काही संबंध नाही, ते वॉशिंग्टनमध्ये ठरतं, तर कंपनी एल-वनवर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) पाठवतेय का एच-वनवर हे आधी एचआरकडून लिहून घ्या. मुलीच्या दृष्टीने तुम्ही लक्ष ठेवा ते स्कूल बोर्डावर, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, त्याच्या मीटिंगला मतदानाचा हक्क नसलेला पालकही बसू शकतो.

आणि हे अगदी जीव तोडून सांगतोय. लायसन्स काढायला बीएमव्हीत (इथलं आरटीओ) गेलात की तिथे मतदार नोंदणीचंही विचारतात. तिथे 'नाही' म्हणा, बायकोलाही सांगा. एच-वन, एल-वन, ग्रीन कार्ड, कशावरही इथे मतदान करता येत नाही, आणि सिटिझन असल्याची खोटी टिक, चुकून झाली तरी, पुढे ग्रीन कार्ड अडकवू शकते, माणसाला देशाबाहेरही काढू शकतात. व्हिसावर असताना कुठल्या उमेदवाराला २० डॉलरची देणगीसुद्धा देऊ नका, तेही बेकायदा आहे. बीएमव्हीचा फॉर्म सही करण्याआधी पूर्ण वाचा आणि त्याचा फोटो काढून जपून ठेवा.