बरणीतला चिखल आणि अंतराळातला रोबो

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. अंतराळात जाणाऱ्या चिमुकल्या रोबोंसाठी बॅटरी बनवायचीय म्हणते. लोणच्याच्या बरणीत विठ्ठलवाडीजवळच्या नदीपात्रातला चिखल भरून त्यात वायरी खुपसल्यात, गॅलरीभर वास सुटलाय. तिचे बाबा म्हणतात, रोबोटिक्सला घालू. एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळतेय. काय करावं? – एक आई, सिंहगड रोड

ताई, आधी ती बरणी फेकू नका.

मल्टिमीटर किती दाखवतो, ते लेकीला विचारा. ०.३-०.४ व्होल्ट असेल तर प्रयोग जमलाय. चिखलातले जिओबॅक्टरसारखे जिवाणू सेंद्रिय कचरा खाताना इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात, पुरलेला कार्बनचा तुकडा ते गोळा करतो. एवढ्यावर एलईडी पेटत नाही, त्याला दोनेक व्होल्ट लागतात. मग व्होल्टेज वाढवणारं सर्किट जोडायचं, कपॅसिटरमध्ये थेंब थेंब साठवायचं आणि एकदम खर्च करायचं. २०१२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने नासाच्या पैशांतून हीच कल्पना तपासायला घेतली: किलोभराचा रोबो, जिवाणूंच्या विजेवर सावकाश चार्ज होऊन टुणकन उडी मारणारा. असा रोबो अजून अंतराळात गेलेला नाही.

अंतराळात खरा घोर थंडीचा. आपल्या चांद्रयान-३ ची चंद्रावरची गाडी, प्रज्ञान, २६ किलोची, ५० वॉटचं सोलर पॅनेल. सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावर रात्र झाली, झोपवला, तो उठलाच नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या साडेदहा किलोच्या सोजर्नर गाडीच्या पोटात मात्र प्लुटोनियमच्या (हा किरणोत्सारी धातू आपोआप तापत राहतो) एकेक वॉटच्या तीन शेगड्या होत्या, नुसत्या ऊब द्यायला. प्लुटोनियम-२३८ ची उष्णता निम्मी व्हायला ८७.७ वर्षं लागतात. पण ते मिळवणं म्हणजे महाकर्मकठीण.

म्हणून बाबांना सांगा, रोबोटिक्सची सीट घाईने घेऊ नका. तिथे चाकं, मोटर, प्रोग्रॅमिंग शिकवतील. तुमच्या लेकीला रोबोच्या पोटापाण्याची काळजी आहे, आणि तो विषय केमिस्ट्री, मटेरियल्स, मायक्रोबायोलॉजीचा. तिने आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची, अॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी. नाही जमली तर केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत साधं बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. इंजिनिअरिंगच हवं असेल तर केमिकल किंवा मेटलर्जी. पीएचडीशिवाय इथे फारसं भागत नाही. पंचविशी ओलांडेपर्यंत घरून ‘नोकरी कधी?’ विचारायचं नाही, एवढी तयारी ठेवा.

फक्त अंतराळातल्या बॅटरीवर पोट भरणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पण हेच शिक्षण गाड्यांच्या बॅटऱ्यांना, सेन्सरना, सांडपाण्याच्या प्रक्रियेलाही लागतं. आणि तुम्ही पुण्यात राहता! एनसीएल (रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा), आयसर, सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियल्सची प्रयोगशाळा) सगळं पाषाणच्या बाजूला. जिवाणूंसाठी आघारकर इन्स्टिट्यूट. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास कुठली प्रयोगशाळा खुली असेल तिथे तिला पाठवा, बरणी घेऊनच. पुढे पीएचडीच्या गाईडला मार्कशीटपेक्षा तिच्या रोजच्या व्होल्टच्या नोंदींची वही आवडेल. लिहीत नसेल तर आजपासून लिहायला लावा.

वासाचं म्हणाल तर बरणी गच्चीवर सावलीत हलवा. चिखलावर दोन बोटं पाणी राहू द्या. आटलं की व्होल्टेज पडतं, आणि मग ती तुमच्यावरच चिडेल.