सही घेण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मिरजेला न्यूरोच्या ओपीडीत फार्मासिस्ट म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. एमएसच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूवरच उलटते त्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, पेशंटशी बोलायला कुठून सुरुवात करायची, असं तू विचारलंस. माझ्या हातून जे राहून गेलं, तिथूनच सांगते.

तासगावकडची एक सून दर महिन्याला आमच्या खिडकीवर यायची. वय पंचवीस-सव्वीस, एमएसवरची टेरिफ्लुनोमाइडची गोळी चालू. लिव्हरचा रिपोर्ट बघायचा आणि स्ट्रिप द्यायची, एवढं मी नेमाने करायचे. फाइलला संमतीपत्र होतं, सगळं इंग्रजीत, खाली तिची मराठी सही. दीड वर्षाने एकदा सासूला बाकावर बसवून ती हळूच म्हणाली, “मॅडम, आता बाळाचा विचार केला तर चालंल काय?”

या गोळीने गर्भाला धोका होऊ शकतो, आणि बंद केल्यावरही ती रक्तात दोन वर्षांपर्यंत राहू शकते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. दिवस गेलेले नव्हते, हे नशीब. कोलेस्टिरामिनची पावडर 11 दिवस देऊन औषध लवकर बाहेर काढता येतं, मग दोनदा रक्त तपासून खात्री करतात. डॉक्टरांनी तसं केलं. “आधी सांगितलं असतं तर दुसरं औषध मागितलं असतं,” एवढंच ती बोलली. देखरेख आम्ही चोख ठेवली होती, निवड मात्र तिच्या हातात दिलीच नव्हती. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

एमएसवर सलाईनमधून देतात त्या नॅटालिझुमॅबची हकिगत तुला ठाऊक असेल, पण ती पेशंटच्या बाजूने वाच. नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी 2005 मध्ये औषध मागे घेतलं. काही जणांना पीएमएल झाला होता, म्हणजे जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूचा जीवघेणा संसर्ग. मार्च 2006 मध्ये तज्ज्ञ समितीपुढे पेशंट स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, धोका आम्हाला कळतो, तरी औषध परत द्या. त्याच वर्षी ते परत आलं, ‘टच’ कार्यक्रमाच्या अटींवर: डॉक्टर, औषध देणारं केंद्र आणि पेशंट तिघांचीही नोंदणी, आणि प्रत्येक सलाईनआधी ठरलेले प्रश्न. नवं काही जाणवतंय का? बोलण्यात, नजरेत, विचार करण्यात फरक पडलाय का? पुढे जेसी विषाणूच्या अँटिबॉडीची तपासणी आली. अँटिबॉडी आहेत का, औषध दोन वर्षांवर गेलंय का, आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली होती का, यावरून कुणाला धोका जास्त हे सांगता येऊ लागलं. देखरेख होती म्हणूनच ज्यांना हवं होतं त्यांना ते औषध मिळालं.

पीएमएलच्या धोक्याचा त्या वेळचा अंदाज साधारण हजारात एक असा होता. हा आकडा नुसता फेकू नकोस. एखादीला वाटतं, ‘ती एक मीच’. दुसऱ्याला वाटतं, ‘म्हणजे काहीच नाही’. नऊशे नव्याण्णवही सांग आणि एकही सांग. एमएस तसाच सोडला तर काय होऊ शकतं, तेही त्याच बैठकीत सांग.

आणि भीती कशाची आहे ते विचार, आपल्या मनाने गृहीत धरू नकोस. कुपवाडच्या एमआयडीसीतला एक टर्नर होता. अँटिबॉडी निगेटिव्ह, म्हणजे त्याला पीएमएलचा धोका फारच कमी, तरी नॅटालिझुमॅब नको म्हणाला. मी अर्धा तास मेंदूच्या संसर्गाबद्दल समजावत बसले. त्याची अडचण वेगळीच होती: दर 28 दिवसांनी सलाईनला यायचं म्हणजे दिवसाचा पगार गेला. त्याने एमएसवरचंच, पण घरी टोचता येणारं इंटरफेरॉन घेतलं, त्याचा परिणाम तुलनेने कमी हे समजून. मला तेव्हा पटलं नव्हतं. आज वाटतं, ठरवणारा तोच होता आणि त्याने नीट ठरवलं.

बायकांशी थोडा वेळ तरी एकटीशी बोल. नवरा किंवा सासू समोर असली की उत्तरं तीच मंडळी देतात. सही घ्यायच्या आधी, काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लाव. पुण्या-मुंबईला विचारून येतो म्हणाले तर खुशाल जाऊ दे.

औषध सुरू झाल्यावर काही वेगळं दिसलं की कळव. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. नुसती शंकाही पुरते, ‘औषधामुळेच झालं’ हे सिद्ध करावं लागत नाही. पेशंट स्वतःही कळवू शकतात, त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे. 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर प्रत्येकाच्या फाइलवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दे.

पहिल्या पेशंटशी बोलून झालं की फोन कर. तू काय सांगितलंस ते नको, त्यांनी काय विचारलं ते मला ऐकायचंय.

तुझी,
मॅडम