वाचक विचारतात : ‘दिल्ली’चे टरेट तीन की चार?

प्रश्न : नौदलाच्या जुन्या ‘दिल्ली’ क्रूझरची १:३५० मापाची प्रतिकृती करतो आहे. किट ‘अकिलिस’चे (‘दिल्ली’चे आधीचे नाव), त्यात सहा इंची तोफांचे चार टरेट (तोफांचे फिरते घुमट) आहेत. जुन्या फोटोंत तीनच दिसतात. कोणता काढू? – एक वाचक, कळवा

उत्तर : मागच्या दोघांपैकी वरचा, म्हणजे एक्स. टोकाजवळचा वाय राहू द्या. घाईत तोच कापला जातो. बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीने १९३३मध्ये पूर्ण केलेल्या ‘अकिलिस’वर खरोखरच चार टरेट, आठ तोफा होत्या. जानेवारी १९४३मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब नेमका एक्सवर पडला. पोर्ट्‌स्मथला दुरुस्ती चालू असताना इंधनाच्या टाकीत स्फोट होऊन १४ जण गेले, आणि काम १९४४च्या मेपर्यंत लांबले. एक्स परत बसवला नाही. तिथे ४० मिमीच्या चार नळ्यांची विमानविरोधी तोफ आली. ५ जुलै १९४८ला जहाज आपल्याकडे आले ते सहा तोफांनिशी.

जहाज १६९ मीटर, म्हणजे तुमची प्रतिकृती ४८.३ सेंमी भरायला हवी. फनेल (धुराडे) एकच आणि रुंद ठेवा. ‘पर्थ’, ‘सिडनी’ या सुधारित बहिणींना दोन फनेल आहेत, कारण त्यांच्यात बॉयलर आणि इंजिने आलटून पालटून बसवली. मूळ रचनेत सगळे बॉयलर एकत्र, त्यामुळे एकाच फटक्यात सगळी वाफ जाण्याची भीती. फोटो शोधताना १९९७ची विनाशिका ‘दिल्ली’ मध्ये येते, ती वगळा.

प्रश्न : ‘दिल्ली’सारख्या एवढ्या मोठ्या जहाजाला ‘लाइट’ क्रूझर का म्हणायचे? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : वजनावरून नव्हे, तोफेवरून. १९३०च्या लंडन कराराने ६.१ इंचांपर्यंतची तोफ ती लाइट क्रूझर, त्यावर आठ इंचांपर्यंत हेवी, अशी रेघ मारली. सहा इंची गोळा सुमारे ५१ किलोचा. १३ डिसेंबर १९३९ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेटजवळ समोर असलेल्या जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’चा ११ इंची गोळा जवळपास ३०० किलोचा! तरी ‘अकिलिस’ची खरी पंचाईत झाली ती वायरलेसमुळे. गोळ्याच्या ठिकऱ्यांनी संच बंद पडला, सोबतच्या ‘एजॅक्स’ क्रूझरला ते कळले नाही. टेहळणी विमान ‘अकिलिस’च्या माऱ्यातली चूक सांगत होते, ती ‘एजॅक्स’ने स्वतःची समजून नेम बदलला, आणि ‘एजॅक्स’चे गोळे काही काळ भलतीकडेच पडत राहिले.