ग्राइंडर आधी, मशीन नंतर

घरी एस्प्रेसो मशीन, म्हणजे दाबाखाली दोन घोट कडक कॉफी काढणारं यंत्र, घ्यायचं म्हणणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले ज्यांच्या उत्तरांचा इतरांनाही उपयोग होईल, असे इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑनलाइन साडेचार हजारांचं एस्प्रेसो मशीन दिसतं आणि बारा हजारांचंही. दोन्हींना वाफेची नळी आहे. एकावर ‘५ बार’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘२० बार’. आम्ही दोघंच आहोत, सकाळी एकेक कॅपुचिनो हवी. कुठलं घेऊ? – वाचक, ठाणे

या दोन मशीनांची जातच वेगळी आहे. साडेचार हजारांच्या मशीनमध्ये पंप नसतो. बंद टाकीत पाणी उकळतं, वाफ कोंडली जाते आणि तीच वाफ पाण्याला कॉफीतून ढकलते. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट घेतलं त्या यंत्राचं तत्त्वही हेच होतं. पाणी उकळत्या तापमानाचं, दाब तोकडा, त्यामुळे कॉफी करपट लागते. एस्प्रेसोवर जो दाट तांबूस थर येतो, ज्याला क्रेमा म्हणतात, तो यात नीट धरत नाही. तो थर लोकांना दिसला तो आकिले गाज्जा यांची तरफेची मशीनं दुसऱ्या महायुद्धानंतर कॅफेंमध्ये आली तेव्हा. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब आणि ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. वाफेच्या छोट्या मशीनला दोन्ही जमत नाही.

म्हणून पंपाचं घ्या. पण ‘२० बार’ या आकड्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. तो पंपाचा कमाल दाब आहे, म्हणजे समोर वाट पूर्ण बंद असताना पंप किती जोर लावू शकतो तो. कॉफीवर प्रत्यक्ष किती दाब पडतो हे तुमची पावडर किती बारीक आहे आणि किती भरली आहे त्यावर ठरतं. १५ बारच्या पंपातून उत्तम शॉट, म्हणजे एका खेपेची एस्प्रेसो, निघतो, आणि २० बारच्या पंपातूनही पाणचट निघू शकतो. खोक्यावर याहून दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पोर्टाफिल्टरचा, म्हणजे कॉफीची जाळी बसवून मशीनला अडकवायच्या दांड्याच्या कपाचा, व्यास ५१, ५४ किंवा ५८ मिलिमीटर यांपैकी असावा, म्हणजे त्याच्या जाळ्या आणि टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा) वेगळे मिळतात. आणि तुमच्या शहरात दुरुस्ती केंद्र असावं. रबराचा वायसर एक ना एक दिवस जाणारच आहे.

वाफेचं मशीन आधीच घरात असेल तर एक काळजी घ्या : दाब पूर्ण उतरल्याशिवाय टाकीचं झाकण फिरवू नका. प्रेशर कुकरला जो नियम, तोच इथे.

प्रश्न : लग्नात मिळते तशी एक्स्प्रेसो कॉफी मला फार आवडते. वर भरपूर फेस आणि चॉकलेट पावडर! ती घरी करायला कुठलं मशीन लागेल? – वाचक, कोल्हापूर

ताई, मशीन लागणारच नाही. लग्नातल्या त्या पितळी टाकीच्या यंत्रातून येते ती नुसती वाफ. कॉफी इन्स्टंट असते, साखर-दूध घालून कपातच वाफेने उसळवतात. नाव एस्प्रेसोचं असलं तरी इटलीतल्या एस्प्रेसोशी तिचं नातं तेवढ्या वाफेपुरतं. तुम्ही बारा हजारांचं मशीन आणलंत आणि त्यातून दोन घोट काळी, कडक कॉफी आली, तर तुमची निराशा होईल.

कपात एक चमचा इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी घ्या. रंग फिकट बदामी होईपर्यंत फेटा, हाताने पाचसात मिनिटं लागतात. मग कडकडीत दूध उंचावरून ओता. दुधालाही फेस हवा असेल तर सेलवर चालणारी छोटी रवी काही शे रुपयांत मिळते. ही कॉफी कमी दर्जाची आहे असं मी मुळीच मानत नाही. तिची चव वेगळी आहे आणि तुम्हाला तीच हवी आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी पंपाचं मशीन घेतलं. माटुंग्याहून आणलेली ८०:२० फिल्टर कॉफी वापरते. कधी आठ सेकंदांत सगळं पाणी धो धो खाली येतं आणि कॉफी आंबट लागते. कधी एक थेंब पडत नाही, मशीन नुसतं घुरघुरतं. मशीन बदलून मागू का? – वाचक, पुणे

मागू नका. मशीन बहुधा ठणठणीत आहे. तुमच्या पत्रात ग्राइंडरचा उल्लेख नाही, आणि गोम तिथेच आहे.

आधी चिकोरीबद्दल. ८०:२० म्हणजे पाचवा हिस्सा चिकोरी, कॉफीत मिसळायची एका मुळाची भाजलेली पूड. आपल्याकडे मिश्रणातलं प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं, ते वाचून घेत जा. चिकोरी पाण्यात पटकन विरघळते आणि चिकट होते. स्टीलच्या किंवा पितळेच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने सावकाश झिरपतं, तिथे हा चिकटपणा डिकॉक्शनला, म्हणजे खाली उतरणाऱ्या अर्काला, अंग देतो. पंपाच्या दाबाखाली मात्र त्याचा लगदा होऊन जाळी तुंबते. माटुंग्याची पावडर फिल्टरमध्येच वापरा, तिथे तिला तोड नाही. मशीनसाठी निव्वळ कॉफी घ्या.

आता दळणाबद्दल. एस्प्रेसोत पाण्याला अडवणारं दुसरं काही नसतं, दाबून बसवलेली कॉफीच त्याची वाट अडवते. दळण जरा जाड झालं की पाणी निसटतं आणि कॉफीतला आंबटपणाच तेवढा घेऊन येतं. फार बारीक झालं की पाणी अडून राहतं आणि कॉफी कडू, तुरट होते. हा फरक बोटांना कळेल न कळेल इतका सूक्ष्म असतो. त्यामुळे दुकानातून दळून आणलेली पावडर तुमच्या मशीनला बरोबर बसली तर तो योगायोग, आणि दहा दिवसांनी तीच पावडर शिळी होऊन परत बिघडते. मिक्सरने हे काम होत नाही. त्याची पाती बी फोडतात, दळत नाहीत. एकाच भांड्यात रवा आणि मैदा दोन्ही तयार होतात. मी स्वतः जवळजवळ वर्षभर मिक्सरमध्येच बिया फिरवत होतो आणि दोष मशीनला देत होतो. मग एका मित्राचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आठवडाभर आणला. त्याच मशीनमधून, त्याच बियांची जी कॉफी आली ती पिऊन घरातल्या सगळ्यांनी विचारलं, आज काय वेगळं केलंस?

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. वीस हजार खर्च करणार असाल तर त्यातले सात-आठ ग्राइंडरसाठी आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात मशीन बघा. हाताचा ग्राइंडर चालेल, पण जात्यासारखा, दोन दातेरी कडांमध्ये बी भरडणारा हवा. आणि तो एस्प्रेसोइतकं बारीक, छोट्या छोट्या टप्प्यांनी दळतो का, हे विचारून घ्या.

ग्राइंडर येईपर्यंत काय करावं? मशीनबरोबर आलेली जाळी उलटी करून बघा. खालच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी तळाची जाळी. ती दळणाची चूक बरीच झाकते, कारण दाब त्या भोकामुळे तयार होतो. वर येणारा फेस खरा क्रेमा नसतो, पण दुधाच्या कॉफीत चालून जातं. तळभर बारीक भोकं असलेली जाळी ग्राइंडर आल्यावरच वापरा.

मग पहिल्या दिवशी असं करा. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. ५१ मिलिमीटरच्या दुहेरी कपाच्या जाळीत १५ ग्रॅम कॉफी भरा, हलक्या हाताने सारखी करा आणि टॅम्परने सरळ दाबा. फार जोर लावायची गरज नाही, तिरकं होऊ देऊ नका. कप काट्यावर ठेवून बटण दाबा आणि घड्याळ लावा. ३० ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे. पंधरा सेकंदांतच उतरली तर दळण बारीक करा, चाळीसच्या पुढे गेली तर जाड. वजन तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्याने काय झालं ते समजणार नाही. पहिल्या दिवशी तीन-चार शॉट फुकट जातील. ते जाऊ द्या.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजून आठवडा उलटला की त्या वापरायला घ्याव्यात आणि महिना-दीड महिन्यात संपवाव्यात. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त नको. पाव किलोला ५०० रुपये पडले तर ग्रॅमला दोन रुपये, म्हणजे १५ ग्रॅमचा शॉट ३० रुपयांना. चिकमगळूर-कोडगूच्या बिया आता मुंबई-पुण्यात ताज्या भाजलेल्या मिळतात. दूध घालून पिणार असाल तर थोडा रोबस्टा (कॉफीची एक जात) मिसळलेलं मिश्रण घ्या. रोबस्टाने क्रेमा दाट येतो आणि दुधातही कॉफीची चव बुडत नाही. देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त आहे, तरी आपण उगाच त्याला नाकं मुरडतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, गीझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते. मशीन टिकेल का? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

तेच पाणी घातलंत तर टिकणार नाही. आतल्या नळ्या गीझरच्या नळ्यांपेक्षा कितीतरी अरुंद असतात. आरओचं पाणी वापरा, पण निव्वळ आरओच्या पाण्यात कॉफी सपक लागते, म्हणून त्यात थोडं साधं पाणी मिसळा. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर १५० च्या आसपास आकडा आला की थांबा. ७५ ते २५० मधलं काहीही चालेल.

दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढा. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धं फिरवा, पंधरा मिनिटं तसंच ठेवा, उरलेलं फिरवा आणि मग दोन टाक्या साधं पाणी जाऊ द्या. त्याआधी मशीनबरोबरची पुस्तिका वाचा, काही कंपन्या आपलंच द्रावण वापरायला सांगतात. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात मुरतो.

प्रश्न : मुलगा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय. तिथे मशीन स्वस्त आहे म्हणतो. आणू दे का? – वाचक, नागपूर

नका आणू. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथलं १३०० वॉटचं मशीन इथल्या प्लगला थेट लावलं तर ते सुमारे पावणेपाच हजार वॉट खेचू पाहील आणि क्षणात जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर या कामाला पुरेसा मोठा लागतो, तो जड आणि महाग असतो. शिवाय या मशीनांचा पंप विजेच्या कंपनांवर चालतो. तिथे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०, आणि हा फरक ट्रान्सफॉर्मरने जात नाही. युरोपातून किंवा दुबईहून येणार असेल तर वीज जुळते, पिन तेवढी बदलावी लागते. वॉरंटी मात्र बहुतेक वेळा इथे चालत नाही.

त्याला हाताचा ग्राइंडर आणायला सांगा. त्याला वीज लागत नाही आणि बॅगेच्या कोपऱ्यात मावतो.

इथे मशीन घेतलंत तरी ते १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावा. मिक्सरच्या छोट्या प्लगला एक्स्टेंशन जोडून चालवू नका.

प्रश्न : दुधाला कॅफेसारखा मऊ फेस येत नाही, साबणासारखे बुडबुडे येतात. आम्ही म्हशीचं दूध घेतो, तापवून साय काढतो. – वाचक, सांगली

म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही भरपूर, तेव्हा दुधाची तक्रार नाही. फेस प्रथिनं धरतात. दूध उकळलं की त्यातली काही प्रथिनं बदलतात. गवळ्याचं सुटं दूध उकळायलाच हवं, त्यात तडजोड नको. उकळलेलं दूध गाळून फ्रीजमध्ये अगदी गार करा आणि मग वापरा. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध असेल तर न तापवता थेट फ्रीजमधून घ्या.

नळीत साठलेलं पाणी आधी सोडून द्या. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवा, कागद फाटल्यासारखा आवाज येईल. तो तीन-चार सेकंदच. भांडं कोमट लागलं की टोक आत बुडवा आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. भांड्याला हात लावून ठेवता येईनासा झाला की थांबा, ते साठ-पासष्ट अंश असतात. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. तुमच्या नळीवर जाड टोपण असेल तर मोठे बुडबुडे त्यामुळेच येतात. निघत असेल तर काढून बघा. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा, दूध वाळलं की खरवडावं लागतं.

आणि वाफ काढल्यावर लगेच दुसरा शॉट घेऊ नका. मशीन तेव्हा फार तापलेलं असतं. अर्धा कप पाणी नुसतं सोडून द्या, मग कॉफी लावा.

प्रश्न : कॅप्सूलचं मशीन कसं? – वाचक, नवी मुंबई

सोयीचं आहे, आणि कॉफी रोज सारखीच येते. पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच कॉफी असते, तिचा ग्रॅममागे भाव काढून बघा. मी घेणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे, एकटाच कॉफी पितो, दिवसाला एक कप. पाच हजारांच्या आत काही चांगलं? – वाचक, दादर

काका, एस्प्रेसो मशीनच्या नादी लागू नका. पाच हजारांत मिळेल ते वाफेचं, त्याबद्दल वर लिहिलंच आहे. मोका पॉट घ्या, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं छोटं भांडं. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी ते १९३३ मध्ये इटलीत आणलं. त्यात दाब एक-दीड बारचाच, म्हणून ती एस्प्रेसो नव्हे, पण घट्ट, कडक आणि दुधात छान लागणारी कॉफी होते. एक-दोन कपांचंच घ्या, कारण मोठं भांडं अर्धं भरून चालत नाही. इंडक्शन शेगडी असेल तर स्टीलचं बघा, साधं ॲल्युमिनियमचं त्यावर तापणार नाही. उरलेल्या पैशांत साधा हाताचा ग्राइंडर येईल. मोकाला एस्प्रेसोइतकं बारीक दळण लागत नाही.

खालच्या भागात गरम पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा, वरच्या जाळीत कॉफी भरून सारखी करा, दाबू नका. गॅस मंद ठेवा. कॉफी वर येऊ लागली की झाकण उघडं ठेवून बघत राहा, आणि फुरफुर ऐकू आली की लगेच उतरवून बूड नळाखाली धरा.