नागपुरातून बर्फावर जाण्यापूर्वी

इनलाइन स्केटिंग (एका रांगेत चाके असलेल्या बुटांवरचे स्केटिंग) बऱ्यापैकी जमू लागल्यावर आइस हॉकीत कारकीर्द करण्याची इच्छा तुम्ही व्यक्त केली आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे लिहितो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या शहरात चाकांवर मिळवलेला तोल आणि काठीवरचा ताबा वाया जात नाही. थांबणे मात्र नव्याने शिकावे लागते. बर्फावर बुटांखालची दोन्ही पाती एकदम आडवी वळवून, गुडघे वाकवून आणि वरचा थर खरवडत थांबायचे असते, तर चाके तशी सहजासहजी घसरत नाहीत, आणि म्हणूनच आपल्याकडचे चांगले खेळाडूही पहिल्या दिवशी थेट कठड्यावर आदळतात. हे तंत्र दोन्ही बाजूंनी पक्के होईपर्यंत गोल करण्याचा नाद सोडा. डाव्या बाजूचा आळस सगळेच करतात.

भारतात या खेळाचे केंद्र लडाख आहे. २०२५ च्या महिला आशिया चषकात कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तेथील मुलींचाच भरणा होता. त्यामुळे हिवाळ्यात लेहला जाण्याची तयारी ठेवा आणि तेथील विरळ हवेची सवय होईपर्यंत सुरुवातीचे दिवस विश्रांतीच घ्या.

उत्तर अमेरिकेतील एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये अठराव्या वर्षी निवड झालेली मुलेही बहुधा आणखी काही वर्षे कनिष्ठ किंवा दुय्यम स्पर्धांत घालवतात. आपल्याकडे तर पूर्णवेळ व्यावसायिक लीगच नाही, तेव्हा पदवीचे शिक्षण सोडू नका.