भूगोलात एम.ए. करतेय. ‘ग्रामीण महिला आणि विकास’ या विषयावर लघुशोधप्रबंध कसा करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापूर विद्यापीठात शिकता, ‘सोलापूर जिल्ह्यातील ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : एक भौगोलिक अभ्यास’ असं शीर्षक ठरत आलंय आणि बचत गटातल्या बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली की भागेल का, हे विचारताय. मी याच जिल्ह्यात याच विषयावर पीएच.डी. केली, म्हणून स्पष्टच सांगते. पास व्हाल, पण तोंडी परीक्षेत ‘यात भौगोलिक काय?’ असं कुणी विचारलं तर सुरुवातीचा नकाशा सोडून दाखवायला काही नसेल.

अकरा तालुक्यांचा जिल्हा आहे आपला. माळशिरस-पंढरपूरकडे कालव्याखालचा ऊस, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी, सांगोल्यात डाळिंब, शहराच्या कडेला विड्या वळणं. गाव बदललं की बाईच्या हातातलं काम बदलतं, मजुरी बदलते, घरातला शब्दही बदलतो. हे सगळं एका टक्केवारीत कालवून टाकायचं आणि त्याला भूगोल म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मला सगळ्यात भरीव वाटतो तो जमिनीचा विषय. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. वडील वारले की वारस म्हणून मुलींची नावं सातबाऱ्यावर लागतात आणि बऱ्याचदा पाठोपाठ हक्कसोडपत्र (आपला वाटा भावांच्या नावे सोडल्याचा दस्त) होऊन ती उतरतातही. या दोन्हींची नोंद फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल लिहिणाऱ्या गाव नमुना ६ मध्ये सापडते. आता उजनी धरणाच्या कालव्याखालचं एक गाव घ्या आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचं, पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडणारं एक गाव घ्या. पाणी आल्यावर जमिनीचा भाव वाढतो. तिथे बहिणी जास्त हक्क सोडतात, की उलट धरून ठेवायला लागतात? उत्तर आधी ठरवून जाऊ नका. हा प्रश्न मात्र जागेशिवाय विचारताच येत नाही, म्हणून तो भूगोलाचा.

कागदात जे दिसत नाही ते बायकांकडून कळतं. एक मावशी मला म्हणाल्या, “माहेर ठेवायचं म्हटल्यावर सही करावीच लागती की.” दिवाळीला भाऊ न्यायला येतो, बाळंतपण माहेरी होतं, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस टेकायला जागा असते. दीड एकराच्या बदल्यात एवढं सगळं सोडायचं का, असा त्यांचा सरळ हिशोब होता. ‘जागृतीचा अभाव’ हा शब्द मी त्या दिवसापासून वापरत नाही. हा विषय भावासमोर, दिरासमोर काढू नका. तुम्ही गावातून निघून याल, त्या बाईला तिथेच राहायचंय.

कामाबद्दल विचारायचं असेल तर ‘तुम्ही काय करता?’ असं विचारू नका. ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर येतं, आणि ते देताना बाई कडब्याची पेंढी बांधत असते. त्याऐवजी काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंतचं सांगा म्हणावं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीतही आदल्या दिवशी पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असंच विचारलं होतं. शेण, पाणी, भाकरी, खुरपण, सावडीवर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून दुसऱ्याच्या रानात जाणं, सगळं आपोआप निघतं.

जमिनीचा विषय गाईडना जड वाटला तर एस.टी.चा घ्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ज्या वाडीवर एस.टी. जातच नाही, तिथल्या बाईला वडापचे, म्हणजे खासगी जीपचे पूर्ण पैसे मोजावे लागतात. सवलत कुणापर्यंत पोचली, हे एका तालुक्याच्या नकाशावर छान मांडता येईल.

बचत गट टाळाच असं नाही, पण त्यांच्याकडे इतके विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन जातात की अध्यक्षांची उत्तरं आता पाठ झालीत.

आणि वेळेचं बघा. प्रबंध उन्हाळ्याच्या तोंडावर द्यायचा म्हणून सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात धावतात, नेमकी तेव्हा ज्वारीची सुगी असते. दिवसा घरी फक्त म्हातारी माणसं भेटतात. दिवाळीनंतर लगेच निघा, तलाठ्याकडचे फेरफार आधी उतरवून घ्या आणि मुक्कामाची सोय एखाद्या बाईच्याच घरी होते का ते पाहा. खऱ्या गप्पा रात्री भाकऱ्या उरकल्यावरच होतात.